वाचकांचे प्रश्न : बोर्निओच्या भाषा

इंडोनेशियाची नवी राजधानी नुसांतारा बोर्निओ बेटाच्या पूर्व किनाऱ्याजवळ उभी राहत आहे. त्यानिमित्ताने या सदरात मागे एक लहान टिपण आले होते. ‘या बेटावरील शंभराहून अधिक मूळ भाषा ऑस्ट्रोनेशियन या एकाच भाषाकुळातील आहेत,’ असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यावर बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (पुणे) : शंभर भाषा एकाच कुळातील असतील, तर त्यांना बोली म्हणणे अधिक योग्य नाही का? शिवाय इंडोनेशियात सर्व लोक ‘बहासा’ बोलतात, असे आम्ही ऐकतो.

आधी दुसऱ्या भागाचे पाहू. ‘बहासा’ हा आपलाच ‘भाषा’ शब्द आहे आणि त्याचा अर्थही तोच आहे. ते कोणत्याही भाषेचे नाव नव्हे. आपल्याकडचे पर्यटक जिला नुसते ‘बहासा’ म्हणतात ती बहासा इंडोनेशिया, म्हणजे मलय भाषेच्या पायावर घडवलेली इंडोनेशियाची राष्ट्रभाषा होय. ती शाळेत, कचेरीत आणि दूरचित्रवाणीवर असते, म्हणून देशभर समजते. मात्र बोर्निओत असंख्य लोकांच्या घरातील भाषा वेगळी असते. त्यात हे बेट तीन देशांत वाटले गेले आहे : जवळजवळ तीन चतुर्थांश भाग इंडोनेशियाचा (त्याला कालिमंतान म्हणतात), उत्तरेचे सारावाक आणि साबा हे मलेशियाचे, आणि त्यांच्या बेचक्यात चिमुकले ब्रुनेई. त्यामुळे ‘बोर्निओची भाषा’ अशी कोणतीही एक गोष्ट राजकीय अर्थानेसुद्धा अस्तित्वात नाही.

आता कुळ आणि बोली यांविषयी. मराठी, बंगाली, पंजाबी आणि सिंहली या एकाच कुळातील, इतकेच नव्हे तर त्या कुळाच्या एकाच शाखेतील भाषा आहेत. तरी त्यांना कोणी एकमेकींच्या बोली म्हणत नाही. कुळ एक असणे म्हणजे पूर्वज एक असणे. बोर्निओतील मूळ भाषा जिच्यापासून निघाल्या ती पूर्वजभाषा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. इतक्या काळात भाषा एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, याचा अंदाज आपल्याला वैदिक संस्कृत आणि आजची मराठी शेजारी ठेवून बांधता येईल. साबाच्या डोंगरातील दुसुन, सारावाकच्या पठारावरील केलाबित आणि दक्षिणेच्या बारितो नदीकाठची न्गाजू बोलणारी तीन माणसे एकत्र आली, तर त्यांना बोलण्यासाठी मलयचाच आधार घ्यावा लागेल.

खरी अडचण पुढे आहे. काही ठिकाणी भाषा कोठे संपते आणि पुढची कोठे सुरू होते, हे ठरवताच येत नाही. दुसुन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एका खोऱ्यातील लोकांना शेजारच्या खोऱ्यातील बोलणे समजते, त्यांना त्यापुढचे समजते; पण साखळीच्या दोन टोकांची माणसे एकमेकांसमोर आली की संवाद अडखळतो. किनाऱ्याजवळच्या पेनांपांग भागात जिला कादाझान म्हणतात आणि आतल्या तांबुनान, रानाउ भागांत जिला दुसुन म्हणतात, त्यांच्यात काही ध्वनींचे फरक अगदी नियमित आहेत. ‘नवा’ या अर्थी दुसुनमध्ये ‘वागु’ असेल, तर कादाझानमध्ये तोच शब्द दंतोष्ठ्य व्हकाराने उच्चारला जातो. याउलट सारावाकमधील बिदायुह लोक स्वतःला एक समाज मानतात, पण त्यांच्या पोटभाषा इतक्या दुरावलेल्या आहेत की वेगवेगळ्या भागांतील बिदायुह आपसांत अनेकदा मलय किंवा इंग्रजीत बोलतात. म्हणून कोणी आकडा सांगितला, तर तो कोणत्या निकषावर सांगितला हे आधी विचारावे. ‘शंभराहून अधिक’ हा मोघम शब्दप्रयोग आम्ही जाणून केला होता. तीच गोष्ट ‘डायाक’ या नावाची. हे बेटावरील अनेक मूळ जमातींना मिळून दिलेले नाव आहे. डायाक नावाची एक भाषा नाही.

प्रश्न (नागपूर) : या भाषा एका पूर्वजापासून निघाल्या हे सिद्ध कसे करतात? नुसते शब्द सारखे असणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, कारण शब्द उसनेही घेतले जातात. पाहायचे असते ते ध्वनींचे नियमित नाते. मलयमध्ये ‘नवा’ म्हणजे ‘बारु’, दुसुनमध्ये ‘वागु’. दोन शब्द ऐकताना फारसे जवळचे वाटत नाहीत. पण मलयमध्ये ‘जड’ म्हणजे ‘बरात’ आणि दुसुनमध्ये ‘आवागात’. दोन्ही जोड्यांत मलय ‘ब’च्या जागी दुसुन ‘व’ आणि मलय ‘र’च्या जागी दुसुन ‘ग’ येतो. अशा जोड्या रोजच्या, सहसा उसन्या न घेतल्या जाणाऱ्या शब्दांत मोठ्या संख्येने सापडू लागल्या की योगायोगाची शक्यता उरत नाही. कधी कधी बदल विलक्षण असतो. सारावाकच्या बाराम नदीच्या परिसरातील बेरावान भाषेत दोन स्वरांमधल्या मूळ ‘ब’चा ‘क’ झाला आहे. डुकरासाठीचा ‘बाबुय’ हा प्राचीन शब्द तेथे ‘बिकुय’ असा ऐकू येतो. ओठांनी उच्चारायचा ध्वनी घशाकडे जावा, हे उच्चारशास्त्राला सहज न पटणारे आहे. पण नियम पक्का आहे, त्यामुळे नाते नाकारता येत नाही.

कुळातील शाखा ठरवण्याची रीत वेगळी आहे आणि ती आम्हाला अधिक रंजक वाटते. पूर्वजभाषेतून चालत आलेली गोष्ट दोन भाषांत टिकून राहिली, एवढ्याने त्या जवळच्या ठरत नाहीत. दोघींनी मिळून एखादी नवी गोष्ट केली असेल, तर ठरतात. ‘सात’ या संख्येचे पाहा. ऑस्ट्रोनेशियन कुळात दूरदूरपर्यंत हा शब्द ‘पितु’च्या वळणाचा आहे, जावानीजमध्ये ‘पितु’, फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये ‘पितो’. बोर्निओच्या मोठ्या भागात मात्र ‘पितु’ नाहीसा झाला आणि त्या जागी ‘बोट दाखवणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द बसला : मलय आणि सारावाकमधील इबानमध्ये ‘तुजुह’, केलाबितमध्ये ‘तुदु’, दुसुनमध्ये ‘तुरु’. बोटांवर मोजताना एका हाताची पाच संपली, दुसऱ्याचा अंगठा सहावा झाला, की सातवी येते ती तर्जनी. सर्वांनी स्वतंत्रपणे नेमकी हीच अदलाबदल केली असेल, हे पटण्यासारखे नाही. म्हणून हवाई विद्यापीठातील रॉबर्ट ब्लस्ट यांनी 2010 मध्ये असे मांडले की बोर्निओच्या बहुतेक भाषा, त्यांच्यासह मलय आणि पश्चिम जावातील सुंदानीज या एका शाखेच्या आहेत. त्यांनी तिला ‘बृहद् उत्तर बोर्निओ’ असे नाव दिले. दक्षिणेकडील बारितो खोऱ्यातील भाषा या शाखेबाहेर राहिल्या. त्या खोऱ्यातील माआन्यान भाषेत सातला आजही ‘पितु’च म्हणतात.

हे वर्गीकरण सर्वांना सर्व तपशिलांसह मान्य आहे असे समजू नये. अलेक्झांडर स्मिथ यांनी 2017 च्या आपल्या प्रबंधात बोर्निओतील भाषांची नव्याने मांडणी केली आणि बारितो भाषांना एका बुंध्याची शाखा मानण्याऐवजी एकमेकींत मिसळत गेलेल्या बोलींचे जाळे मानले. शास्त्र जिवंत असल्याचेच हे लक्षण आहे.

प्रश्न (सांगली) : बोर्निओत संस्कृत शिलालेख सापडले आहेत. मग तेथील भाषा संस्कृतोद्भव का मानत नाहीत?

शिलालेख खरे आहेत आणि फार महत्त्वाचे आहेत. पूर्व कालिमंतानमध्ये महाकाम नदीवर मुआरा कामान येथे दगडी यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, सापडले. त्यांवर पल्लव वळणाच्या लिपीत संस्कृत श्लोक कोरलेले आहेत. इसवी सन 400 च्या सुमाराचे हे लेख आजच्या इंडोनेशियातील सर्वांत जुन्या लेखांत मोडतात. मूलवर्मन् राजाने ब्राह्मणांना वीस हजार गाई दान दिल्याचा उल्लेख त्यांपैकी एकात आहे. त्याच्या वंशावळीत पित्याचे नाव अश्ववर्मन्, तर आजोबांचे नाव कुंडुंग असे येते. मुलगा आणि नातू संस्कृत नावांचे, आजोबा मात्र स्थानिक नावाचे. एवढ्या एका ओळीतून सगळा व्यवहार स्पष्ट होतो : राजघराण्याने संस्कृत नावे, विधी आणि प्रतिष्ठेची भाषा स्वीकारली, प्रजा जी भाषा बोलत होती तीच बोलत राहिली.

एखादी भाषा कोणाची मुलगी, हे तिचे अंक, सर्वनामे, अवयवांची नावे आणि क्रियापदांची घडण यांवरून ठरते. बोर्निओच्या भाषांत ती सारी ऑस्ट्रोनेशियन आहेत. संस्कृत शब्द मात्र आहेत आणि ते बहुधा मलयच्या वाटेने आत शिरले. इबान लोक देवाला ‘पेतारा’ म्हणतात. त्याचा उगम ‘भट्टार’ या आदरवाचक शब्दात सांगतात. मलयमध्ये ‘लक्ष’ पोहोचला तो मूल्य बदलून. तेथे ‘लाक्सा’ म्हणजे दहा हजार. ज्यांना आपल्या संस्कृतीच्या प्रसाराचा अभिमान वाटतो त्यांनी अभिमान जरूर बाळगावा, पण शब्द देणे आणि भाषेला जन्म देणे या दोन गोष्टी आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

याच संदर्भात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मध्य कालिमंतानमधील न्गाजू लोकांच्या काहारिंगान या परंपरागत धर्माला इंडोनेशिया सरकारने 1980 मध्ये हिंदू धर्माची शाखा म्हणून मान्यता दिली. त्यातील ‘तिवाह’ हा अस्थींचा मोठा उत्तरविधी असतो आणि त्यातील मंत्रगीते ‘बासा सांगियांग’ नावाच्या विधीभाषेत म्हटली जातात. ही भाषा संस्कृत नव्हे. रोजच्या न्गाजूपेक्षा वेगळी असलेली, पुरोहितांनी जपलेली काव्यभाषा आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : एवढ्या भाषा एका बेटावर का झाल्या? डोंगरांमुळे का?

डोंगर हे उत्तर अर्धे आहे. बोर्निओचे क्षेत्रफळ सुमारे 7,43,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट आहे. ग्रीनलंड आणि न्यू गिनीनंतर ते जगातले तिसरे मोठे बेट आहे. आतला प्रदेश दाट पावसाळी जंगलाचा आहे आणि तेथे अलीकडेपर्यंत रस्ता म्हणजे नदी. कापुआस 1,143 किलोमीटर लांब, महाकाम त्याहून थोडी कमी, बारितो आणि राजांग या आणखी दोन मोठ्या नद्या. लोक नदीने वर जात, उपनदीला वळत, तेथे एकाच लांबलचक छपराखाली अनेक कुटुंबांचे ‘लाँगहाउस’ बांधत आणि डोंगरउतारावर फिरती भातशेती करीत. जमिनीचा कस गेला की पुढे सरकत. एका नदीच्या काठाने भाषा पसरते आणि दोन नद्यांमधल्या पाणलोटाच्या धारेवर ती तुटते, असे ढोबळमानाने म्हणता येते. अनेक जमातींची नावेसुद्धा नद्यांवरून पडली आहेत. दिशा सांगतानाही या भाषांत उत्तर-दक्षिणेपेक्षा ‘प्रवाहाच्या वर’ आणि ‘प्रवाहाच्या खाली’ यांना महत्त्व असते. सारावाकमध्ये ज्यांना लुन बावांग म्हणतात, त्यांनाच सीमेपलीकडे लुन दायेह म्हणतात, म्हणजे ‘वरच्या अंगाचे लोक’. हे लोक आज सारावाक, साबा, ब्रुनेई आणि उत्तर कालिमंतान अशा चार प्रशासनांखाली राहतात. ब्रिटिश आणि डच यांनी 1891 च्या करारात सीमारेषा आखली तेव्हा ती या लोकांच्या मधोमध गेली.

तरीही नदी-डोंगर विभागतात एवढे सांगून भागत नाही, कारण माणसे सतत हलत होती. कापुआसच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तामान आणि एम्बालोह नावाच्या भाषा आहेत आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातलग शेजारी नाहीत. ते आहेत समुद्रापलीकडे सुलावेसी बेटावरील बुगिस आणि तिच्या भगिनीभाषा. साबाच्या किनाऱ्यावरील बजाऊ या समुद्रसंचारी लोकांच्या भाषेची मुळे ब्लस्ट यांनी दक्षिण बोर्निओच्या बारितो खोऱ्याशी जोडली आहेत. आणि इबान हे तर मलयच्या अगदी जवळची भाषा बोलणारे लोक. ते कापुआसच्या बाजूने सारावाकमध्ये उतरले आणि एकोणिसाव्या शतकात राजांग खोऱ्यात पसरले. आज सारावाकमधील सर्वांत मोठा मूळनिवासी समाज त्यांचाच आहे आणि त्यांची भाषा बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत. या प्रसारात सेरू यांसारखे लहान समाज इबानांत मिसळून गेले आणि त्यांची भाषा संपली. लहान भाषा गिळण्याचे काम केवळ राष्ट्रभाषा करतात असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख केला.

तिसरे कारण काळ, आणि आमच्या मते तेच सर्वांत कमी सांगितले जाते. विविधता दोन प्रकारे मोजता येते : भाषा किती आणि त्या एकमेकींपासून किती खोलवर फुटलेल्या. तैवानमध्ये मूळ भाषा फार थोड्या उरल्या आहेत, पण ब्लस्ट यांच्या 1999 च्या वर्गीकरणानुसार ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या दहा मुख्य शाखांपैकी नऊ तेथेच आहेत. उरलेली एक शाखा, मलायो-पॉलिनेशियन, तैवानबाहेर पडली आणि मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरली. बोर्निओच्या सगळ्या भाषा या दहाव्या शाखेच्या पोटातल्या आहेत. याचा अर्थ संख्येत बोर्निओ पुढे, खोलीत तैवान पुढे. न्यू गिनीचे गणित आणखी वेगळे आहे. तेथे हजाराच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रोनेशियन नाहीतच. ऑस्ट्रोनेशियन लोक तेथे मुख्यतः किनाऱ्यावर आणि लहान बेटांवर स्थिरावले, कारण आतल्या उंच प्रदेशात आधीपासून शेती करणारी दाट वस्ती होती. बोर्निओतही माणूस फार जुना आहे. सारावाकमधील निआह गुहेत चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे मिळाले आहेत. पण त्या लोकांच्या भाषा टिकल्या नाहीत. जंगलात शिकार आणि कंदमुळांवर राहणारे पेनान आणि पुनान समाजसुद्धा आज ऑस्ट्रोनेशियन भाषाच बोलतात.

प्रश्न (मुंबई) : मादागास्करचे लोक बोर्निओतून आले, हे खरे का? नकाशात पाहिले तर विश्वास बसत नाही.

भाषेपुरते बोलायचे तर होय. मादागास्करची मलागासी भाषा आफ्रिकेच्या शेजारी असूनही ऑस्ट्रोनेशियन आहे, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. नेमके माहेर दाखवले ते नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ ओटो डाल यांनी 1951 मध्ये. तेथे मिशनरी म्हणून काम केलेल्या डाल यांनी मलागासीची तुलना बारितो खोऱ्यातील माआन्यानशी केली. माआन्यानमध्ये तीन, चार, पाच, सात, आठ म्हणजे तेलो, एपात, दिमे, पितु, वालु. मलागासीमध्ये तेलु, एफाट्र, दिमि, फितु, वालु. ‘पाच’साठी बहुतेक भाषांत ‘लिमा’ असताना या दोघींत ‘द’ने सुरू होणारा शब्द असावा, ही खूण महत्त्वाची आहे. दुसरीकडे, मलागासीत मलयकडून घेतलेले शब्दही पुष्कळ आहेत, विशेषतः समुद्र आणि वारे यांविषयीचे. मलयमध्ये ‘बारात’ म्हणजे पश्चिम आणि ‘तिमुर’ म्हणजे पूर्व. मलागासीत त्यांच्यापासून आलेल्या ‘अवारात्र’ आणि ‘अत्सिमु’ या शब्दांचे अर्थ अनुक्रमे उत्तर आणि दक्षिण आहेत. पावसाळी वारे नव्या किनाऱ्यावर वेगळ्या बाजूने येऊ लागले, तशा वाऱ्यांच्या नावांवर बांधलेल्या दिशाही फिरल्या. माआन्यान लोक आज समुद्रापासून दूर राहतात. त्यामुळे बारितो खोऱ्यातील लोक मलय दर्यावर्दींच्या गलबतांतून गेले असावेत, या मताला या शब्दांमुळे बळ मिळते. स्थलांतर इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातले मानले जाते. पुढे आफ्रिकेतील बांटू भाषिक लोकही त्या समाजात मोठ्या प्रमाणावर मिसळले.

रत्नागिरीच्या वाचकांनी मागच्या उत्तरासोबत हेही ध्यानात घ्यावे. मादागास्करही मोठे, उष्णकटिबंधीय, डोंगर आणि जंगलांचे बेट आहे. क्षेत्रफळ 5,87,000 चौरस किलोमीटर. तरी तेथे शंभर भाषा नाहीत. पुष्कळ बोली असलेली, पण मुळात एकच मलागासी आहे. भूगोल मदत करतो, पण फुटून वेगळे होण्यासाठी भाषेला हजारो वर्षे लागतात आणि मादागास्करला ती मिळालेली नाहीत. बोर्निओत माआन्यान बोलणारे सुमारे दीड लाख आहेत. मादागास्करला गेलेल्या तिच्या बहिणीचे भाषिक आज काही कोटींत मोजावे लागतात.

प्रश्न (ठाणे) : या भाषांचे व्याकरण आपल्यापेक्षा फार वेगळे आहे का? आपल्या ‘भ’, ‘ध’ यांसारखे ध्वनी तेथे असतात का?

मराठी शिकलेल्या माणसाला या व्याकरणाचे दार एका बाजूने ओळखीचे वाटेल. आपल्याकडे कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग आहेत. साबाच्या दुसुन गटातील भाषांत प्रयोग याहून अधिक आहेत. काम करणारा, ज्याच्यावर काम झाले तो, ज्याच्यासाठी झाले तो, यांपैकी ज्याला वाक्यात पुढे आणायचे असेल त्याप्रमाणे क्रियापदाला वेगळे उपसर्ग, प्रत्यय किंवा चक्क शब्दाच्या पोटात घुसणारे मध्यप्रत्यय लागतात. फिलिपिन्सच्या भाषांत ही व्यवस्था पूर्ण बहरलेली आहे. साबामधून दक्षिणेकडे यावे तशी ती आटत जाते. केलाबितमध्ये ती बरीच टिकून आहे. कायानमध्ये जवळजवळ ओसरली आहे आणि क्रियापद फारसे काही अंगावर घेत नाही. सारावाकच्या किनाऱ्यावरील मुकाह मेलानाउ भाषेत तर जुने मध्यप्रत्यय विरघळून त्यांचा केवळ स्वर उरला आहे : धातूतील अकारासारखा स्वर कर्तरी प्रयोगात ‘उ’ होतो आणि कर्मणीत ‘इ’. एकाच कुळातील, एकाच बेटावरील भाषांमध्ये व्याकरणाचे इतके टप्पे पाहायला मिळतात, म्हणून आम्हाला हे बेट नुसत्या संख्येपेक्षा या बाबतीत अधिक श्रीमंत वाटते.

महाप्राणांचा प्रश्न विचारल्याबद्दल आनंद वाटला. केलाबितमध्ये ‘भ’, ‘ध’, ‘घ’ यांच्यासारखे ध्वनी आहेत. उसासाठीचा शब्द ‘तेभुह’ आहे, मलयमध्ये तोच ‘तेबू’. पण हे आपले ध्वनी नव्हेत. मराठी ‘भ’ उच्चारताना स्वरतंतूंचा कंप शेवटपर्यंत चालू राहतो आणि त्यात श्वास मिसळतो. केलाबितमधील ध्वनी सघोष सुरू होतो आणि मध्येच अघोष होऊन ‘फ’सारख्या फुंकरीने संपतो. जगात असे ध्वनी अत्यंत दुर्मीळ आहेत.

प्रश्न (क्वालालंपूर, मलेशिया) : माझ्या कार्यालयातील सारावाकचे सहकारी मुलांशी इंग्रजीत किंवा मलयमध्ये बोलतात. या भाषा शाळेत शिकवतात का?

काही शिकवतात. इबान सारावाकच्या शाळांत विषय म्हणून आहे आणि 2008 पासून मलेशियाच्या शालान्त परीक्षेतही तो घेता येतो. साबामध्ये कादाझान आणि दुसुन यांच्या दोन संघटनांनी 1995 मध्ये तडजोड करून ‘कादाझानदुसुन’ ही समान लेखनभाषा मान्य केली आणि 1997 पासून ती शाळांत आली. तिचा पाया बुंदु-लिवान ही आतल्या भागातील बोली आहे. किनाऱ्यावरच्या कादाझानांना ती पूर्णपणे आपली वाटत नाही, हे उघड आहे. प्रमाणभाषा कोणाच्या बोलीवर बेतायची, हा वाद महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही तडजोड झाली नसती, तर दोघांनाही शाळेत जागा मिळाली नसती.

सारावाकमध्ये एके काळी याहून चांगले दिवस होते. 1954 मध्ये रेडिओ सारावाक सुरू झाला तेव्हापासून इबान कार्यक्रम होते, आणि बोर्निओ लिटरेचर ब्यूरो ही सरकारी संस्था 1977 मध्ये बंद होईपर्यंत इबान आणि अन्य स्थानिक भाषांतून पुस्तके काढत होती. तिचे काम पुढे राष्ट्रभाषेच्या प्रकाशनसंस्थेकडे गेले आणि स्थानिक भाषांतील प्रकाशन रोडावले.

पण शाळा आणि पुस्तके या मोठ्या भाषांच्या चिंता आहेत. लहान भाषा जगत होत्या त्या वस्तीच्या बळावर. बाकुन धरणासाठी 1998-99 च्या सुमारास वरच्या राजांग खोऱ्यातील सुमारे दहा हजार लोकांना सुंगाई आसाप येथे हलवले गेले. त्यांत कायान आणि केन्याह हे तुलनेने मोठे समाज होते, तसेच लाहानान आणि उकित यांसारखे काहीशे माणसांचे समाजही होते. पूर्वी यांचे लाँगहाउस नदीवर एकमेकांपासून दूर असत. आता सारे एका वसाहतीत आले, एका शाळेत बसू लागले आणि बाहेर कामाला जाऊ लागले. ज्यांची संख्या काहीशे आहे, त्यांची मुले अशा ठिकाणी मोठ्या शेजाऱ्याच्या भाषेकडे किंवा मलयकडे वळणार, हे सांगायला भाषातज्ज्ञ लागत नाही. ब्रुनेईमधील बेलाइत भाषेची अवस्था धरणाशिवायही तशीच झाली आहे. 1961 च्या नागरिकत्व कायद्यात बेलाइतांची गणना देशाच्या सात मूळ समाजांत केली आहे, पण ती भाषा सहज बोलणारे आता बहुतेक वयस्कच आहेत. दर्जा मिळणे आणि मुलांच्या तोंडी असणे यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो.

तुमच्या सहकाऱ्यांविषयी निर्णय देण्याचा अधिकार आम्हाला नाही. क्वालालंपूरमधील मराठी घरांतही मुले एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, ते तुम्ही अधिक चांगले सांगू शकाल.

प्रश्न (सोलापूर) : या भाषांची स्वतःची लिपी आहे का?

बहुतेक सर्व आज रोमन लिपीत लिहिल्या जातात. मलयसाठी जावी म्हणजे अरबी वळणाची लिपीही चालते आणि ब्रुनेईत ती पाट्यांवर सर्रास दिसते. इबान शाहिरांकडे ‘पापान तुराय’ नावाच्या लाकडी फळ्या असत. त्यांवरील खुणा पाहून ते लांबलचक विधीगीते आठवत. त्यांना लिपी म्हणता येणार नाही. पेनान लोक जंगलात काठ्या आणि पाने मांडून मागून येणाऱ्यांना निरोप ठेवतात. त्या पद्धतीला ‘ओरोओ’ म्हणतात. खऱ्या अर्थाने स्वतंत्र लिपी तयार केली ती डुंगिंग अनाक गुंग्गू या इबान गृहस्थांनी, 1947 मध्ये. तिच्यात आरंभी 77 चिन्हे होती, 1962 मध्ये त्यांनी ती 59 वर आणली. त्यांच्या हयातीत लिपी फारशी पसरली नाही. त्यांच्या घराण्यातील ब्रोमेली फिलिप या भाषातज्ज्ञांनी 2010 च्या सुमारास तिचे संगणकीय टंक तयार केले.